सर, बोट बाहेर!

बदलापुरात रात्री साडेनऊनंतर बेल वाजली की ती बहुतेक पाण्याच्या टाकीबद्दल असते. त्यामुळे हिने दार उघडलं तेच "आता नाही, सकाळी सोडणारेत" असं म्हणत. दारात कराटेचा पांढरा पोशाख आणि कमरेला काळा पट्टा अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेतून वाकून नमस्कार केला आणि तसंच वाकलेलं राहून, पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "काकांकडून पिस्तूल शिकायचंय."

हिने आधी साखळी लावली आणि मग मला हाक मारली.

हे आमचे कराटे सर. नाव सांगत नाही. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या निम्म्या आया त्यांना ओळखतात आणि उरलेल्या निम्म्यांकडे त्यांची बेल्टच्या परीक्षेची फी थकलेली आहे. वय अठ्ठेचाळीस, पोट नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर ते कोपराने मंगलोरी कौलांची चळत फोडतात, बर्फाची लादी फोडतात, आणि शेवटी आडवे पडून पोटावरून मोटरसायकल जाऊ देतात. मोटरसायकल कुणाची घ्यायची यावरून मंडळात दरवर्षी भांडण होतं. पोट कुणाचं घ्यायचं यावरून अजून झालेलं नाही.

असा माणूस माझ्याकडे का यावा? माझी पात्रता एवढीच, की कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल आडवं पडून झाडली, आणि पुढे चाळिशीत, डॉक्टरांनी "काहीतरी खेळा" म्हटल्यावर, ज्यात जागचं हलावं लागत नाही असा खेळ शोधत एअर पिस्तुलाशी येऊन थांबलो. साठ शॉट, सहाशे गुण, माझी आयुष्यातली सर्वोच्च मजल पाचशे एक्केचाळीस. या आकड्याने नेमबाजीतला माणूस प्रभावित होत नाही. पण आमच्या सोसायटीत नेमबाजीतलं कुणी नाही.

सरांची अडचण चहा पिता पिता बाहेर आली. गेली तीन वर्षं ते मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं घेतात. त्यात शेवटच्या दिवशी एक खास धडा असतो : समोरच्याने पिस्तूल रोखलं तर ते हिसकावून कसं घ्यायचं. त्यासाठी सरांकडे एक पिस्तूल आहे. उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेलं, काळं, प्लास्टिकचं, आत पिवळ्या प्लास्टिकच्या गोळ्या. वर एका इटालियन कंपनीचं नाव कोरलेलं, त्यात एक अक्षर कमी. (उल्हासनगरी मालावरचा तो जुना 'यूएसए'वाला विनोद मी इथे करणार नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी म्हणून वसलेलं, फाळणीनंतर सगळं गमावून आलेल्या सिंध्यांनी उभं केलेलं आणि १९४९ साली नाव मिळालेलं ते गाव. लष्कर गेलं, 'कॅम्प' हा शब्द तेवढा राहिला. तिथे प्लास्टिकचं का होईना, पिस्तूल मिळावं यात एक परंपरा आहे.)

तर या पिस्तुलाने सर तीन वर्षं मुलींवर हल्ला करत होते आणि मुली ते हिसकावून घेत होत्या. गेल्या शिबिरात मात्र अंबरनाथची एक मुलगी, अकरावीतली, एनसीसीची कॅडेट, हात वर करून म्हणाली, "सर, तुमचं बोट ट्रिगरवर आहे."

"मग कुठे असायला पाहिजे?"

"बाहेर. मारायचं नसेल तोपर्यंत बाहेर."

"मी गुंड आहे. मला मारायचंय."

"मग सर, मॅगझिन उलटं घातलंय ते तरी सरळ करा."

मुली हसल्या. सर हसले नाहीत. तिने पुढे अगदी साधेपणाने विचारलं, "सर, तुम्ही कधी खरी बंदूक हातात धरलीय?"

"आणि काका," सर कपाकडे बघत म्हणाले, "वडील तीस वर्षं ऑर्डनन्समध्ये होते." अंबरनाथमध्ये हे वाक्य पुरतं. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांना लागणारं पितळ तयार होतं. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या दोन पिढ्या त्या पितळेवर वाढल्या. एकाच गावात विमकोची काडेपेटी आणि सरकारचं काडतूस, म्हणजे जाळ काढण्याची सगळी सोय. आणि त्या पगारावर वाढलेला मुलगा आयुष्यभर लोकांना उघड्या हाताने मारत आला. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. मी हो म्हणालो. स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला, पण तो योगायोग असू शकतो.

पहिला गैरसमज लगेच दूर करावा लागला. मी पेटी उघडली तेव्हा सरांचा चेहरा पडला. "हे छऱ्याचं आहे?" हो, छऱ्याचंच आहे. खऱ्या पिस्तुलाला परवाना लागतो, परवान्याला कारण लागतं, आणि एवढं करून मिळालं तरी निवडणूक आली की ते बहुधा पोलीस ठाण्यात जमा करून यावं लागतं. वीस ज्यूलच्या आतलं, साडेचार मिलिमीटरचं एअर पिस्तूल या भानगडीतून सुटलेलं आहे. पण ऑलिंपिकमध्ये हेही चालतं. दहा मीटरवर कार्ड, कार्डावर मधोमध दहाचं वर्तुळ, व्यास साडेअकरा मिलिमीटर. सरांनी बोटांनी माप धरून बघितलं. मी त्यांना माझ्या शर्टाचं बटण दाखवलं. "एवढं?" ते म्हणाले, "आणि ते हलणार नाही?" नाही. "मग अवघड काय आहे?"

या वाक्याची किंमत पुढे त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली.

दहा मीटर सरळ जागा ही बदलापुरात पिस्तुलापेक्षा दुर्मीळ. वन बीएचकेत दाराच्या बाहेरून नेम धरला तरी खिडकीपर्यंत सात मीटर होतात आणि मधे फ्रिज येतो. शेवटी मांजर्लीतल्या एका मित्राची बंद पडलेली भातगिरणी मिळाली. लांबच लांब खोली, टोकाला जाड लोखंडी पत्रा तिरका लावला, त्याच्यापुढे गोणपाट, दार आतून बंद, दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. एका कोपऱ्यात अजून तांदळाच्या कोंड्याचा वास आणि वरच्या मजल्यावर मित्राची पंचाऐंशी वर्षांची आई. आजींना ऐकू कमी येतं असं मित्र म्हणाला होता. ते खोटं निघालं.

पहिल्या दिवशी मी पिस्तूल सरांच्या हातात दिलं. रिकामं होतं, मी दोनदा बघितलं होतं. सरांनी ते दोन्ही हातांनी प्रसादासारखं घेतलं, उजव्या मुठीत धरलं, माझ्याकडे वळले आणि संस्काराप्रमाणे गुरूला कमरेतून वाकून "ओस्स!" केलं. त्याबरोबर नळी कार्डावरून फिरून भिंतीवरून, दारावरून माझ्या पोटावर येऊन स्थिरावली. रिकामं आहे हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पोटाला नव्हतं. मी धान्याच्या वजनकाट्यामागे गेलो. एकसष्टाव्या वर्षी इतक्या चपळाईने मी कुठेच गेलो नव्हतो.

"काय झालं काका?"

"सर, नळी. नळी कायम कार्डाकडे. भरलेलं असो, नसो. नमस्कार करायचा तर आधी खाली ठेवा."

"आणि बोट?"

"बोट बाहेर."

ते बोट! तीस वर्षं ज्या हाताची पाचही बोटं एकदमच मिटत आली, त्यातलं एक वेगळं काढायचं म्हणजे एकत्र कुटुंबातून धाकट्याला बाहेर काढण्यासारखं. मूठ आवळली की तर्जनी आपोआप आत यायची. मी "सर, बोट बाहेर" म्हणायचो, बोट शरमून बाहेर यायचं, मी कार्ड बदलून परत येईपर्यंत पुन्हा घरात. आठवडाभर मी झोपेतही तेच म्हणत होतो असं हिचं म्हणणं. तिसऱ्या रात्री तिने, "कुणाचं?" असंही विचारलं होतं म्हणे.

मग ट्रिगर. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाप्रमाणे किमान पाचशे ग्रॅमचा ताण लागतो. तर्जनीला अर्धा किलो साखरेची पुडी अडकवली तर जेवढं ओझं होईल तेवढं. ते बोटाने हळूहळू, म्हणजे इतकं हळू की गोळी नेमकी कधी सुटली याचं आपल्यालाच आश्चर्य वाटावं, असं मागे घ्यायचं. सरांनी त्या अर्ध्या किलोला कौलांच्या चळतीचा मान दिला. पहिला छर्रा कार्डाच्या डाव्या कोपऱ्याखाली गोणपाटात, आणि त्याच क्षणी गिरणीच्या पत्र्याला हादरवणारी एक आरोळी, "एऽऽऽय्या!"

वरून आजींचा आवाज आला, "कोण पडलं रे?"

"कुणी नाही, आजी!"

"मग ओरडलं कोण?"

कराटेत प्रहाराच्या टोकाला श्वास आरोळीसकट बाहेर फेकायचा आणि अंगातला स्नायू न् स्नायू एका क्षणासाठी दगड करायचा, अशी शिकवण. ते सगळं बिनचूक झालं होतं. पिस्तुलात फक्त तेवढंच करायचं नसतं. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, धरायचा. सहा-आठ सेकंदांत शॉट गेला तर गेला. हात दुधाच्या पिशवीवर असतो तसा. आवळली तर फुटते, सोडली तर निसटते. सर सगळं ऐकून "हो काका" म्हणत आणि पुन्हा पिशवी फोडत. मनगटातून असा झटका, की छर्रे डावीकडे खाली, डावीकडे खाली, एखाद्या सोशिक माणसाने एकाच जागी थुंकत राहावं तसे. मी कार्ड दाखवलं तर म्हणाले, "पण काका, सातत्य आहे."

नजरेचा घोळ तर त्याहून मोठा. कराटेत समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. इथे पुढच्या फोरसाइटकडे बघायचं, ती मागच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून बसली आहे ना एवढंच. कार्ड मागे धूसर दिसलं पाहिजे.

"म्हणजे ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचं नाही?"

"नाही."

"आणि तो?"

"तो कार्ड आहे, सर. पळून जाणार नाही."

हे त्यांना शेवटपर्यंत अनैतिक वाटत राहिलं.

एका रविवारी सर तयारी करून आले. मनू भाकर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात दोन कांस्यपदकं घेतली, ती मुलगी आधी थांग-ता खेळायची, मणिपूरची युद्धकला, त्यातही राष्ट्रीय पातळीवर पदकं आहेत. "म्हणजे काका, मार्शल आर्टचा फायदा होतो." मी म्हटलं, होतो, तिने पिस्तूल धरलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सरांनी चौदा आणि अठ्ठेचाळीस यांच्यातली वजाबाकी मनात केली. ओठ हलताना दिसले.

मग मीही एक गोष्ट सांगितली. ऑइगेन हेरिगेल नावाचा जर्मन प्राध्यापक १९२४ साली जपानात सेंदाईला तत्त्वज्ञान शिकवायला गेला. तिथे त्याने आवा केन्झो या गुरूकडे धनुष्यबाण शिकायला घेतलं. त्याला आधीपासून रायफल-पिस्तुलाची सवय. वाटलं, चला, नेम तर आपला तयारच आहे. गुरूने त्याला कित्येक वर्षं दोन-एक मीटरवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यात बाण मारायला लावले. लांबचं लक्ष्य दाखवलंच नाही. बोटं दोरी 'सोडत' होती, ती सुटायला हवी होती, एवढ्यावर घोडं अडलेलं. पुढे १९४८ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गाजलं.

"कित्येक वर्षं?" सर म्हणाले.

"हो."

"फी किती घेत असतील?"

गुरू-शिष्याचं नातं आणखी एका बाबतीत नाजूक होत चाललं होतं. जन्मभर 'सर' असलेल्या माणसाला शिष्य होणं जमत नाही. मी नेम दाखवायला उभा राहिलो की ते मागून माझी पाठ सरळ करत, पोटाकडे बघून "रोज पन्नास उठाबशा" म्हणत. छर्रे भरताना "इची, नी, सान" मोजत आणि मी चौथा भरायला विसरलो की "शी!" असं ओरडत. जपानीत 'शी' म्हणजे चार हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर मला ते माझ्या नेमाबद्दल वाटत होतं. शिवाय काकांवरून ते कधीतरी मलाही 'सर' म्हणायला लागले. मग गिरणीत दोन सर आणि विद्यार्थी कुणीच नाही. "सर, बोट बाहेर." "सर, खांदा खाली." "कुणाचा, सर?" वरून आजी, "शाळा सुरू केलीत का रे?"

पण खरं घोडं अडलं उभं राहण्यावर. कराटेवाला उभा राहतो तो निघण्यासाठी. गुडघे वाकलेले, वजन पुढे, जणू पुढच्या सेकंदाला झेप. पिस्तुलवाल्याला निघायचंच नसतं. आडवं, सैल, दोन्ही पायांवर सारखं वजन, एक हात समोर, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. सरांचा दुसरा हात सवयीप्रमाणे कमरेशी मूठ आवळून बसायचा आणि त्या मुठीचा ताण पाठीतून फिरून पिस्तुलाच्या टोकाशी थरथरायचा. मी त्यांना तुर्कस्तानचा युसुफ दिकेच दाखवला, पॅरिसला मिश्र सांघिकमध्ये रौप्य घेणारा, एक हात खिशात घालून भाजी घ्यायला आल्यासारखा उभा. सर म्हणाले, "स्टाइल मारतोय." मी म्हटलं, स्टाइल नाही, तो हात मधे लुडबुडू नये म्हणून खिशात. अंबरनाथच्या शिवमंदिराचा दाखला दिला : "भिंतीवरच्या मूर्ती बघा. १०६० सालापासून उभ्या आहेत, हलल्या का?" सर दुसऱ्या दिवशी खरंच बघून आले आणि म्हणाले, "त्या सगळ्या कमरेत वाकलेल्या आहेत."

आणि त्याहून अवघड, हात खाली घेणं. आठ सेकंद झाले, नेम बसत नाही, तर मारायचं नाही. श्वास सोडायचा, हात खाली, पुन्हा पहिल्यापासून. सर हे करूच शकत नव्हते. "उगारलेला हात परत घ्यायचा, काका?" त्यांच्या आवाजात दुःख होतं. हात थरथरतोय, डोळ्यांत पाणी, पंधरा सेकंद, वीस, चेहरा मोटरसायकल पोटावरून जाताना होतो तसा, आणि मग एकदम झटका आणि आरोळी. वर आजींनी आता विचारणं सोडलं होतं.

पाचव्या रविवारी मला कंटाळा आला होता आणि कंटाळ्यातूनच ते सुचलं. मी चौतीस वर्षं बदलापूर ते फोर्ट लोकलने नोकरी केली. सर कधीच नाही. स्कूटरवरून अंबरनाथ आणि परत. मी म्हटलं, "सर, सकाळची बदलापूर फास्ट. दरवाज्याजवळ नाही, आत मधे उभे आहात. एक हात कडीला."

सरांनी हात वर केला.

"तेवढा वर नाही, खांद्याच्या रेषेत. कडी आवळली तर मनगट दुखेल, डोंबिवलीपर्यंत टिकणार नाही. सैल. दुसरा हात खिशात, पाकिटावर. दोन्ही पायांवर वजन, कारण एका पायावर उभे राहिलात तर दुसऱ्याच्या जागी कुणीतरी स्वतःचा ठेवेल. पुढे झुकायचं नाही, पुढे एक बाई उभ्या आहेत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. अंगात जोर नको. जोर लावून लोकल लवकर पोचत नाही."

सर डोळे मिटून उभे राहिले. खांदा खाली आला. कमरेची ती मूठ उघडली आणि खिशात गेली. महिनाभरात मी पहिल्यांदा त्या माणसाला नुसतं उभं राहिलेलं पाहिलं.

"आता डोळे उघडा. गाडी सिग्नलला थांबलीय. का थांबली विचारायचं नाही."

शॉट गेला. आरोळी नाही. आठ. मग सात, मग पुन्हा आठ. चौथ्याला हात उचलला, बराच वेळ धरला आणि, मी शपथेवर सांगतो, न मारता खाली आणला. "गर्दी होती," सर म्हणाले. "पुढची पकडतो." पाचवा नऊ.

वरून आजी म्हणाल्या, "बरे आहात ना रे दोघं?"

त्या संध्याकाळी सरांनी ते इटालियन नावाचं प्लास्टिकचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. म्हणाले, मी हिसकावतो, तुम्हाला माझा हात हललेला दिसला की दाबा. मी एकसष्टचा, गुडघ्याने अधू, ते काळ्या पट्ट्याचे. दोघांनी चष्मे चढवले आणि दहा वेळा केलं. चार वेळा त्यांनी ते इतक्या झपकन घेतलं की माझी अंगठी त्यात अडकून गेली. सहा वेळा पिवळी गोळी त्यांच्या पोशाखाला लागून टप्पे खात कोंड्यात गेली. सर वाकून त्या सहा गोळ्या एकेक करून शोधत बसले. सहावी सापडायला वेळ लागला, तेवढा वेळ काही बोलले नाहीत. हल्ली शिबिरात तो धडा वेगळा असतो. सुरुवातच "पर्स द्या, मोबाइल द्या आणि पळा" अशी होते आणि पळण्याचा सराव अर्धा तास चालतो. एका पालकाने तक्रार केली, की एवढी फी देऊन मुलीला पळायला काय शिकवता?

पुढच्या रविवारी सर त्या कॅडेट मुलीला घेऊन आले. बरोबर तिची आई, आईच्या हातात ढोकळ्याचा डबा. सरांनी स्वतःचं कार्ड आधीच गोणपाटामागे सरकवून ठेवलं होतं. मी मुलीला पिस्तूल दिलं. तिने रायफलच झाडलेली, पिस्तूल पहिल्यांदाच हातात. तर्जनी आपसूक बाहेर, नळी कार्डाकडे. मी ग्रिप दाखवली, नेम कुठे धरायचा ते दाखवलं आणि बाजूला झालो. ती आडवी उभी राहिली, डावा हात जीन्सच्या खिशात गेला, खांदा सैल पडला. मी काही सांगितलं नव्हतं.

आठ. नऊ. हात खाली घेतला, पुन्हा उचलला. दहा.

सर तिच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"कॉलेज कुठे म्हणालीस?"

"कल्याणला, सर."

"लोकलने?"

"हो."

"बसायला मिळतं?"

मुलगी पिस्तूल टेबलावर ठेवत, नळी कार्डाकडेच राहील याची काळजी घेत म्हणाली, "अंबरनाथहून? बदलापूरवाले ठेवतात का सर जागा?"